आमच्या वाडीतला लाजरा माणूस

कमरेला पळसाच्या पानांचा घागरा बांधून जुजे बुडवंत आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा माय चुलीपुढं बसून पेज ढवळत होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. पानं पत्रावळीसारखी काड्यांनी टाचलेली होती आणि खालून त्याची खाकी चड्डी दिसत होती.

"भात कुठं वाढू?" मायनं विचारलं. "पुढं की मागं?"

जुजेला राग आला, पण रागानं फिरायला गेला तर पानं तुटायची, म्हणून तो जागीच उभा राहून रागावला. बुडवंत म्हणजे आमच्या वाडीचा पुढारी. वाडीतली भांडणं तोच मिटवायचा आणि नव्या भांडणांना सुरुवातही बहुतेक तोच करून द्यायचा. त्याचं म्हणणं असं, की उद्या सरकारची माणसं येणार, तेव्हा सगळ्या बाप्यांनी अशी पानं नेसायची. बायकांनी काय नेसायचं ते त्यानं अजून ठरवलं नव्हतं. ठरवायची त्याची छाती नव्हती.

ही गोष्ट चाळीसेक वर्षांपूर्वीची. माझ्या आठवणीवर मी फारसा विश्वास ठेवत नाही, पण जुजेची ती चड्डी मला स्पष्ट आठवते.

आम्ही सिद्दी. आमचे पूर्वज आफ्रिकेतले. जहाजातून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले, आणि तिथून घाट चढून रानात पळालेले. हळियाळच्या बाजूला अशा आमच्या बऱ्याच वाड्या आहेत. आम्ही रंगानं काळे, केसांनी कुरळे आणि बोलण्यानं इथलेच. आफ्रिकेचा एक शब्दसुद्धा आमच्यापाशी उरलेला नाही. रविवारी आम्ही मराठीत देवाची प्रार्थना करतो आणि सोमवारपासून मराठीतच एकमेकांना शिव्या देतो. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. बाजारात मी तोंड उघडलं की दुकानदार आधी माझ्याकडं बघायचा आणि मग माझ्या मागं दुसरं कुणी बोललं काय ते बघायचा. तोंड कमी उघडायची सवय मला तिथूनच लागली असावी. की ती जन्माचीच होती, कोण जाणे.

त्या वर्षी जंगलखात्यानं आमच्या वाडीला नोटीस लावली होती. वाडी रानाच्या हद्दीत आहे, पावसाळ्याआधी उठा. आमच्या पणज्यांच्या थडग्यांना नोटीस लागू होती की नाही हे लिहिलेलं नव्हतं. वाडी वाचवायचा एकच मार्ग होता. सरकारनं आम्हाला आदिवासी म्हणून मान्य केलं, तर वाडीला हात लावता आला नसता. ते ठरवायला एक समिती येणार होती. आदिवासी कुणाला म्हणायचं याची सरकारची काही लक्षणं ठरलेली होती, आणि जंगलखात्याचा आमचा गार्ड यल्लाप्पा ती ऐकून आला होता. माणसं मागासलेली पाहिजेत. रानात, लांब राहणारी पाहिजेत. रीतभात जुनाट आणि वेगळी पाहिजे. आणि परक्या माणसाला बघून लाजणारी, बुजणारी पाहिजेत.

जुजेनं या लक्षणांचा मनापासून अभ्यास केला. मागासलेले आणि लांब राहणारे आम्ही होतोच, त्यात काही करण्यासारखं नव्हतं. जुनाट दिसण्यासाठी त्यानं पानांचा घागरा शोधून काढला. आमच्या कुणाच्या आज्यानं पणज्यानं पानं नेसलेली नव्हती. जुजेनं ती बेळगावच्या सर्कशीत बघितली होती, आणि ती नेसून नाचणारा माणूस मिरजेचा होता हेही त्याला ठाऊक होतं.

खरी आमची म्हणावी अशी वस्तू एकच, दमाम. लाकडाचं खोड कोरून केलेला, दोन तोंडांचा ढोल. तो वाजायला लागला की माझ्यासारख्याचेही पाय हलतात. पण दमामाला हरणाचं कातडं लावलेलं होतं, आणि हरणाचं कातडं सापडलं तर जंगलखातं तुरुंगात घालायचं. तेव्हा जुजेच्या हुकमानं दमाम गवताच्या गंजीत गेला आणि त्याच्या जागी रॉकेलचे दोन डबे आले. यल्लाप्पानं स्वतः गवत नीट पसरून दिलं. तो माणूस चांगला होता. वाडी उठली असती तर त्याला रोज सकाळी फुकटची पेज कुणी दिली असती?

दुसरी वस्तू कवंदी. जुन्या कपड्यांचे तुकडे एकावर एक टाचून आमच्या बायका जी गोधडी शिवतात ती. कडेपासून सुरुवात करून टाके घालत घालत मध्यापर्यंत जायचं, आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांचं एकेक फूल बसवायचं. फूल नसेल तर ती कवंदी नागडी. नागडी कवंदी कुणाच्या अंगावर घालत नाहीत, दोरीवर वाळतसुद्धा टाकत नाहीत. जुजेला वाटलं, फुलं म्हणजे फार सुधारलेली दिसतात. ती एका दिवसापुरती उसवून काढा, असं त्यानं बायकांना सांगितलं.

"पाव्हण्यांच्या पुढं नागडी कवंदी मांडू म्हणतोस?" माय म्हणाली. "मांडतो की. पण आधी तू ती पानं काढ, चड्डी काढ, आणि पुढं चल. आम्ही मागनं येतो."

त्यावर जुजेनं तो विषय सोडला आणि माझ्याकडं वळला. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलो होतो. वाडीत मॅट्रिक झालेला मी एकटा. तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचो आणि रविवारला धरून घरी यायचो. जुजेचं म्हणणं, हा उद्या दिसता कामा नये. समितीनं एक शिकलेला सिद्दी बघितला की सगळ्या वाडीच्या अंगावर माती पडेल. मला चष्म्यासकट आणि पुस्तकांसकट माळ्यावर बसवायचं ठरलं.

माझी हरकत नव्हती. खरं सांगायचं तर पाहुणे येणार म्हटल्यावर मी स्वतःहून माळ्यावर गेलोच असतो. हरकत मायची होती. तिनं लोकांच्या घरची भांडी घासून, डोक्यावर लाकडं वाहून मला शाळेत घातलं होतं. ती स्वतः अंगठा उठवायची. पण बाजारात, चर्चमध्ये, बसस्टँडवर, कुणी विचारो न विचारो, माझा बस्त्याव मॅट्रिक हाय, हे ती सांगून टाकायची. एकदा तर कंडक्टरनं तिकिटाचं विचारलं त्यालाही तिनं तेच सांगितलं. आता पहिल्यांदाच सरकार दारात येत होतं आणि तिचा मॅट्रिक मुलगा मक्याच्या कणसांबरोबर माळ्यावर.

"वाडी जाऊदे काय मग?" जुजेनं विचारलं. पेज ढवळायचा मायचा हात फार जोरात चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी जीप आली. तिच्यातून दोघं उतरले. एक साहेब, वरच्या ऑफिसातले, त्यांच्या काखेत कागदांची फाईल. दुसरे प्राध्यापक हिंगमिरे, आदिवासींवर पुस्तकं लिहिणारे, गळ्यात कॅमेरा. मी माळ्याच्या फटीतून बघत होतो. आमच्या दारापुढंच मोठं झाड असल्यामुळं बैठक तिथंच मांडली होती, आणि कवंद्याही तिथंच दोरीवर टाकल्या होत्या, चारी फुलांसकट.

पहिला घोटाळा असा झाला, की वाडीला बुजताच येईना. जुजेनं सगळ्यांना बजावलं होतं, जीप बघितली की घरात पळा, दाराआडून बघा. पण वाडीत जीप वर्षातून एखाद्या वेळी यायची. ती बघितल्यावर घरात कोण पळणार? सगळी वाडी जीपभोवती गोळा झाली. म्हाताऱ्यांनी साहेबांना गाव विचारलं, पगार विचारला, मुलं किती आणि लग्नं झाली काय तेही विचारलं. एकीनं प्राध्यापकांच्या पोटाकडं बघून बायको चांगली सुगरण दिसते म्हटलं. मायनं चहा केला आणि साखर कमी झाली तर लाजू नका, सांगा, असं सांगितलं. साहेबांनी फाईलीत काहीतरी लिहिलं. लिहिताना त्यांनी मान हलवली ती मला वरूनही बरी वाटली नाही.

मग पानंवाले नाचले. रॉकेलचे डबे वाजले. पळसाची पानं अंगाला खाजत होती, त्यामुळं नाचात काही हालचाली नव्यानं आल्या होत्या. प्राध्यापकांनी भराभर फोटो काढले. हा नाच कशाचा, असं त्यांनी विचारलं. पावसाचा, असं जुजेनं ठोकून दिलं. मूळ भाषेत एखादं गाणं होऊ द्या, असं प्राध्यापक म्हणाले. जुजेनं डोळे मिटून काहीतरी लांबलचक म्हटलं. मला वाटतं त्यात हळियाळ ते धारवाड रस्त्यावरचे सगळे एसटीचे थांबे होते, फक्त उलटे म्हटलेले.

कवंद्यांवर मात्र प्राध्यापक नाराज झाले. हे सगळं गिरणीचं कापड आहे, असं ते म्हणाले. पाना-मुळांचे रंग कुठं आहेत? ही मांडणी तुम्हाला कुठल्या मिशनरी बाईनं शिकवली? मायनं सांगितलं, आईनं. आईला? तिच्या आईनं. प्राध्यापकांनी ते लिहून घेतलं नाही. यल्लाप्पा मात्र एका कवंदीपुढं बराच वेळ उभा राहिला. तिच्या मध्यावर खाकी तुकडा होता आणि त्याला खिसा होता. गेल्या वर्षी दोरीवरून उडून गेलेली आपली पँट त्याला सापडली होती. पण तो चांगला माणूस, काही बोलला नाही.

साहेबांनी फाईल मिटली. जुजेला बाजूला घेऊन ते सौम्यपणे बोलले. गरिबी आहे, रान आहे, नाचही पाहिला. पण संपर्काची भीड म्हणून जी असायला पाहिजे ती इथं कुठं दिसत नाही. ही माणसं तर आम्हालाच प्रश्न विचारतात. एवढ्यावर शिफारस कशी करायची?

जुजे पानांत उभा होता. त्याचं तोंड पडलं. मग त्यानं एकदम वर, माळ्याकडं बघितलं, आणि मला पुढचं सगळं कळलं.

"हाय की साहेब," तो म्हणाला. "बुजरा माणूस हाय आमच्यात. तुमास्नी भिऊन वर जाऊन बसलाय. काढतो खाली."

शिडीवरून त्यानंच मला खाली आणलं. चष्मा काढून घेतला, शर्टही काढला, आणि पानं बांधायला वेळ नव्हता म्हणून मला तसंच धोतरावर पुढं ढकललं. पंधरावीस पावलांवर दोन परकी माणसं आणि सगळी वाडी माझ्याकडं बघत उभी. माझे कान तापले. साहेबांनी नाव विचारलं. मी जमिनीकडं बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागलो. जवळ येऊन त्यांनी खांद्यावर हात ठेवला, तर मी एवढा दचकलो की मागच्या डब्यावर आदळलो आणि तो डबा उताराला लागून गडगडत जीपपर्यंत गेला.

प्राध्यापक हरखून गेले. त्यांनी साहेबांच्या कानाला लागून सांगितलेलं मला ऐकू आलं. असा नमुना आता दुर्मीळ आहे. त्यांनी माझा समोरून फोटो काढला, बाजूनं काढला, केसांत बोटं घालून बघितली. साहेबांनी फाईल पुन्हा उघडली. जुजेचे डोळे भरून आले. इतकी वर्षं वाडी ज्याला मुखदुर्बळ म्हणून हसली, तो एकदम कामाला आला होता.

"याला बोलता येतं का?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई," जुजे म्हणाला.

"जन्मापासून?"

आणि इथं मायचा तोल गेला. चहाचे कप गोळा करत होती ती. एवढा वेळ तिनं पानं सोसली, मिशनरी बाई सोसली, केसांतली बोटंही सोसली. पण आपला मुलगा मुका म्हणून सरकारी कागदावर लागतो हे तिला सोसलं नाही.

"मुका न्हवं साहेब तो," ती पुढं येऊन म्हणाली. "लाजरा हाय, मुका न्हवं. मॅट्रिक हाय. असली दहा बुकं एका दमात वाचतोय."

सगळी वाडी गार पडली. जुजेनं हातातल्या हातात एक पान चुरगाळलं. प्राध्यापकांचा चेहरा असा झाला, की जसा काही मारलेला साप दोरी निघाला. साहेबांनी मात्र माझ्याकडं आणि मायकडं आळीपाळीनं बघितलं, फाईलीतला वरचाच कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "वाच बघू," ते म्हणाले. "मराठीतच आहे."

जुजे माझ्या शेजारी होता. त्यानं माझ्या पायावर पाय ठेवला. सगळ्या वाडीची घरं त्या पायात होती. समोर माय होती, कप पोटाशी धरून, मान ताठ केलेली, मी वाचायला सुरुवात करण्याआधीच कौतुकानं हसत असलेली. मी तिच्याकडं बघितलं. मग कागदाकडं बघितलं.

कागद हातात थरथरत होता. मी त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिलो. यल्लाप्पा हळूच पुढं आला, त्यानं कागद माझ्या हातातून घेतला आणि सुलटा करून परत दिला. मी तो उलटा धरला होता. मी पुन्हा बघितलं. एक शब्द माझ्या तोंडातून आला नाही. शेवटी मी कागद साहेबांपुढं धरला आणि मान हलवली.

साहेबांना मायची कीव आली. आईला आपलं मूल हुशारच वाटतं, असं काहीसं ते प्राध्यापकांना म्हणाले आणि लिहायला लागले. माय हसतच होती. हसणं कुठं थांबवायचं ते तिला कळलं नव्हतं. मग ती कप घेऊन घरात गेली.

जीप वळणाआड गेली आणि वाडीनं मला उचललं. अक्षरशः. गंजीतून दमाम निघाला आणि खरा नाच झाला. तो बघायला कुणी समितीवाला नव्हता. पानं चुलीत गेली. जुजे सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. न वाचणं काय, कुणालाही जमेल. पण कागद उलटा धरायचा हे सुचायला डोकं लागतं. नाटक कंपनीत पाहिजे होता हा बस्त्याव. यल्लाप्पा म्हणाला, मी सुलटा करून दिला तेव्हा तर कसा बघत होता, जसा काही आयुष्यात कागद बघितला नाही. माझ्या हातांची थरथर करून दाखवायची पोरांत चढाओढ लागली. त्या दिवसापासून वाडीत माझं नाव नट पडलं ते आजतागायत.

माय त्या नाचाला आली नाही. मी घरात गेलो तेव्हा ती नवी कवंदी मांडीवर घेऊन बसली होती. मी जवळ बसलो. तिनं वर बघितलं नाही. मी म्हटलं, माय, वाडीसाठी करावं लागलं. जुजेनं पाय ठेवला होता. तिनं दोन टाके घातले.

"तू दुसरीत हुतास," ती म्हणाली. "शाळेत मोठा मास्तर आला हुता. तुला उभा केला, आणि तू चड्डीत मुतलास. घरात सगळी कविता पाठ म्हणून गेला हुतास. आठवतंय?"

मला आठवत होतं.

"आज तेच तोंड हुतं तुझं."

बाहेर दमाम वाजत होता. ती थांबली. मग सुई कापडात तशीच खुपसून ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. "कागद उलटा धरला ते नाटक न्हवं."

"न्हाई," मी म्हटलं. "उलटा हाय ते मला कळलंच न्हाई."

आणि सुलटा केल्यावरही कळलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं, आणि आजवर दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. जुजेचा पाय पडला तेव्हा मी ठरवलं होतं, येत नाही म्हणायचं. ठरवणं सोपं होतं. पण कागदाकडं बघितलं, तर त्यावर नुसतं काळं होतं. ओळ कुठं सुरू होते तेही सापडेना. मला खोटं बोलायची पाळीच आली नाही. साहेबांनी फाईलीत जे लिहिलं ते, तेवढ्या वेळापुरतं, खरं होतं.

मायनं कवंदीचं एक टोक माझ्यापुढं ओढलं. पिठाच्या पोत्याचा एक तुकडा होता त्यावर, छापलेला. "आता येतंय काय?"

मी गिरणीचं नाव वाचलं, गाव वाचलं, खालचं वजनही वाचलं. तिनं ऐकून घेतलं. बरोबर की चूक हे तिला कळायला मार्ग नव्हता. पण माझं तोंड बघून तिला कळलं असावं, कारण तिनं कवंदी परत ओढून घेतली आणि सुई उपसली.

निकाल यायला पुढं किती वर्षं लागली ते आता सांगत बसत नाही. जुजे तो न बघताच गेला. पण पुढच्याच आठवड्यात यल्लाप्पा पेज प्यायला आला तेव्हा बातमी घेऊन आला. साहेबांची शिफारस वर गेली आहे, आणि फाईल उघडी आहे तोवर वाडीला हात लावायचा नाही असा हुकूम निघालाय. आमच्या देशात फाईल उघडी राहण्याइतकं पक्कं दुसरं काही नाही हे जुजेला माहीत होतं. त्यानं त्याच दिवशी घर शाकारायला काढलं.

त्या रविवारी चर्चमधून बाहेर पडताना दुसऱ्या वाडीच्या बायकांनी मायला गाठलं. गोष्ट तिथवर पोचली होती. एकीनं तिला नावानं हाक मारून मुद्दाम विचारलं, काय गे नाताल, तुझा मॅट्रिक म्हणे सरकारपुढं अडाणी ठरला? मी मागं उभा होतो. तिला काय उत्तर द्यावं लागणार या विचारानं माझे कान पुन्हा तापायला लागले.

मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला. आवाज चढवायची तिला गरज नव्हती, पण तिनं चढवला, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढा.

"ठरंल न्हाई तर काय," ती म्हणाली. "कागद उलटा कसा धरायचा ते रातभर बसून मीच शिकवलं हुतं त्याला."